दादा म्हणतो येशू देव नाही, आता घरात नाताळ कसा करायचा?

पिंपरीहून एका बहिणीचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

"सलाम ताई. आम्ही मूळचे नेवासा तालुक्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती. माझा मोठा दादा दोन वर्षांपासून ऑफिसमधल्या एका मित्रासोबत 'यहोवाचे साक्षीदार' ह्या पंथाचा बायबल अभ्यास करतोय. आता तो म्हणतो येशू देव नाही, देवाने सगळ्यात आधी निर्माण केलेला आहे, पवित्र आत्मा ही फक्त देवाची शक्ती आहे आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, हे रोमन राजाने चर्चमध्ये घुसडलं. यंदा नाताळ करणार नाही म्हणतोय, सहा वर्षांच्या मुलीचा वाढदिवसही नाही. वहिनी रोज रडते. पप्पांनी त्याला फॅमिली ग्रुपमधून काढलं आणि घरात पाऊल ठेवू नको म्हणाले, ते लोक राष्ट्रगीत पण म्हणत नाहीत, देशद्रोही आहेत असंही म्हणतात. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले पाखंडी आहेत, लांब राहा. फेब्रुवारीत मम्मीचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, आणि दादा म्हणतो रक्त चढवू नका. तो वचनं दाखवतो आणि मला उत्तर देता येत नाही. खरं सांगू तर मलाच त्रैक्य नीट कळलेलं नाहीये. नक्की बरोबर कोण आहे? आणि मी काय करू?"

सलाम गं.

सगळं पत्र तू दादाबद्दल लिहिलंयस आणि एकच ओळ स्वतःबद्दल, की मलाच त्रैक्य नीट कळलेलं नाही. त्या ओळीकडे येतेच, पण आधी ऑपरेशनचं बोलू, कारण ते तारखेवर आहे आणि बाकीचं थांबू शकतं.

रक्त घ्यायचं की नाही हे मम्मीने ठरवायचं, पप्पांनी नाही, दादाने नाही आणि तूही नाही. मम्मी शुद्धीत आहे, सज्ञान आहे, आणि ती साक्षीदार नाहीये. तिला घेऊन आत्ताच डॉक्टरांकडे जा, फेब्रुवारीची वाट बघू नका, आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगू दे की गरज पडली तर मला रक्त चालेल, आणि हे केसपेपरवर लिहून घ्या. तिच्या वतीने सही कोणी करायची तेही आधीच ठरवा, पप्पा किंवा तू. आणि हिमोग्लोबिन कमी आहे तर डॉक्टरांना विचार की ऑपरेशनच्या आधी लोहाच्या गोळ्या किंवा सलाइनमधून लोह देऊन ते वाढवता येईल का. हे बऱ्याचदा करतात, आणि त्याने रक्त लागायची शक्यता कमी होते, ह्यात दादाचाही जीव थोडा खाली बसेल. एक मात्र कर, हॉस्पिटलने बदली रक्तदाते आणा म्हटलं तर दादाला विचारू नकोस. त्याला कात्रीत पकडायला विचारलं असं होईल ते. मित्रमंडळी, चर्चमधली तरुण मुलं, कोणीही येतील.

तो का नाही म्हणतो ते पण समजून घे, कारण त्याला मम्मीबद्दल माया नाही असं घरात कोणीतरी बोललं असणार. उत्पत्ती, लेवीय आणि प्रेषितांची कृत्ये अध्याय १५, ह्यात रक्त वर्ज्य करा असं आहे. आपण ते रक्त खाण्याबद्दल आहे असं समजतो, ते शिरेतून घेण्यालाही लावतात, १९४५ पासून त्यांची ही शिकवण आहे. त्याच्या डोक्यात, मम्मीने रक्त घेतलं तर देवाची आज्ञा मोडली जाईल अशी खरीखुरी भीती आहे. शिकवण चुकीची आहे असं मी ठामपणे म्हणते, माणसं गेलीत ह्याच्यापायी. पण तो निर्दयी नाहीये.

आता मुख्य गोष्ट. मी पस्तीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना शिकवलं आणि त्रैक्याचा धडा आला की दर वर्षी तेच सांगायचे, पाणी, बर्फ आणि वाफ, एकच पदार्थ तीन रूपं, तसा देव. मुलांना पटायचं, मलाही पटायचं. खूप उशिरा, एका थिऑलॉजीच्या वर्गाला बसल्यावर कळलं की तिसऱ्या शतकात सबेल्लियस नावाच्या माणसाची शिकवण जवळपास हीच होती, एकच देव कधी पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र, कधी आत्मा, आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ती स्पष्ट नाकारली. कारण साधं आहे, येशू गेथशेमाने बागेत पित्याला हाक मारत होता, तो स्वतःशीच बोलत नव्हता. म्हणजे मी इतकी वर्षं चर्चच्या बाकावर बसून चर्चने नाकारलेली गोष्ट शिकवत होते, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही, पाळकांच्याही नाही. बेलाच्या पानाचा दाखला पण तसाच, तीन पानं मिळून एक म्हटलं की देवाचे तीन तुकडे होतात. शेजारच्या काकू विचारायच्या, म्हणजे तुमचा दत्तच ना, आणि मला नाही म्हणता यायचं पण का नाही ते सांगता यायचं नाही. तेव्हा तुला कळलं नाही ह्यात तुझा दोष कमी आहे, आमच्यासारख्यांचा जास्त.

मंडळीची शिकवण खरं तर तीन वाक्यांत बसते. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. तिन्ही एकाच वेळी खरी धरायची, बस. त्यातलं एक सोडलं की वेगळा पंथ तयार होतो, आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात, त्रैक्य न मानणारे सगळे एका गोटातले नाहीत, त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. साक्षीदार म्हणतात पिता यहोवा हाच सर्वसमर्थ देव, येशू हा त्याचा पहिला निर्माण केलेला, पृथ्वीवर यायच्या आधी आणि नंतरही तोच मीखाएल देवदूत. युनिटेरियन म्हणतात येशू थोर गुरू, पण माणूसच. पेंटेकॉस्टल लोकांतला एक गट, ज्यांना आपल्याकडे 'फक्त येशू' वाले म्हणतात, तो नेमका उलट, येशूच पिता, येशूच आत्मा, दुसरा कोणी नाहीच, म्हणून ते बाप्तिस्मापण फक्त येशूच्या नावाने देतात. मॉर्मन म्हणतात तिघं वेगवेगळे आहेत, फक्त हेतूने एक. म्हणजे साक्षीदारांच्या दृष्टीने 'फक्त येशू' वाले जेवढे चुकलेले तेवढेच आपण.

आता दादाची वचनं. कुठली दाखवत असेल ते मला न सांगता कळतंय. योहान १४ मधलं 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे'. मार्क १३, त्या घटकेबद्दल पुत्रालाही ठाऊक नाही. कलस्सै १, तो सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ. नीतिसूत्रे ८, ज्ञान म्हणतं परमेश्वराने मला सगळ्याच्या आधी घडवलं. ही वचनं बायबलमध्ये आहेत, त्याने घरून आणलेली नाहीत, आणि आपण ती कधी चर्चमध्ये नीट वाचलीच नाहीत म्हणून आपल्याला धक्का बसतो. तू पहिल्यांदा हे त्याच्यासमोर मान्य कर. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, हेही मान्य कर. जुन्या बायबलांत योहानाच्या पहिल्या पत्रात, अध्याय ५ मध्ये पिता, शब्द आणि आत्मा हे तीन एक आहेत असं एक वाक्य होतं, ते मागाहून घातलेलं आहे, इरॅस्मस नावाच्या विद्वानाने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याला ते ग्रीक हस्तलिखितांत सापडलं नाही म्हणून त्याने गाळलं, मग आरडाओरडा झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातलं, आणि आजच्या बहुतेक भाषांतरांत ते नाहीये. दादा हे म्हणाला तर तो बरोबर आहे, वाद घालू नकोस.

पण राजाने घुसडलं हे अर्धंच खरं आहे. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकेयाला बिशपांची परिषद बोलावली, आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक ते, खर्च त्याने केला, दबावही टाकला, हे सगळं झालंच. भांडण इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूचं होतं, त्याचं म्हणणं असं की पुत्र नव्हता असा एक काळ होता, म्हणजे जवळपास दादा म्हणतो तेच. परिषदेने ठरवलं पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. पण पुढे काय झालं ते साक्षीदारांच्या पुस्तिकेत सहसा येत नाही. तोच कॉन्स्टंटाइन मरायच्या आधी बाप्तिस्मा घेतो तो निकोमेदियाचा बिशप युसेबियस ह्याच्याकडून, जो आरियसच्या बाजूचा होता. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस गादीवर आला आणि त्याने आरियसच्या बाजूच्या लोकांनाच पाठबळ दिलं. निकेयाच्या ठरावाचा मुख्य पाठीराखा अथनेशियस, त्याला पाच वेळा हद्दपार केलं, मिळून सतराएक वर्षं तो बाहेर होता. कॉन्स्टंटियसच्या मर्जीवर चाललं असतं तर आज आपण सगळे आरियसचं मत मानत असतो! पवित्र आत्म्याबद्दलचा भाग तर ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पक्का झाला, म्हणजे जवळपास साठ वर्षं ही ओढाताण चालली होती.

आणि निकेयाच्या दोनशे वर्षं आधीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इसवी सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन अधिकारी बिथुनिया प्रांतात होता, निकेया त्याच प्रांतात येतं, आणि त्याने बादशहा त्रायानला पत्र लिहून कळवलं की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात. लिहिणारा ख्रिस्ती नव्हता, उलट तो त्यांना शिक्षा देत होता. म्हणजे राजा ख्रिस्ती व्हायच्या कितीतरी आधी, साधी माणसं, गुलाम बायका, अंधारात जमून येशूची भक्ती करत होती. परिषदेने शब्द नंतर शोधले, गाणं आधीपासून चालू होतं.

तू विचारलंस बरोबर कोण. मी टाळणार नाही. मी त्रैक्य मानते, आणि पाठ केलंय म्हणून नाही. येशूचा शिष्य थोमा त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा बघून 'माझा प्रभू व माझा देव' म्हणाला आणि येशूने त्याला गप्प केलं नाही. पेत्राच्या पाया पडणाऱ्या कर्नेल्याला पेत्र उठवतो, मीही माणूस आहे म्हणतो, प्रकटीकरणात देवदूत योहानाला अडवतो की मला नमन करू नकोस. येशू मात्र कधीच कोणाला उठवत नाही. आणि सगळ्यात आतलं कारण सांगते, क्रुसावर देवाने आपल्या हाताखालच्या कोणालातरी पाठवून दिलं असेल तर तो देव मला नीटसा कळत नाही, पण तो स्वतः आला असेल तर मग माझ्या सगळ्या दुःखात तो खरंच उतरलाय. माझे मिस्टर गेले तेव्हा मला ह्याचाच आधार होता. अथनेशियसही त्याच्या काळात जवळपास हेच म्हणत होता, की जो स्वतः निर्माण झालेला आहे तो दुसऱ्या निर्माण झालेल्यांना देवापर्यंत कसा नेणार. दादाला हे पटेलच असं नाही. पण तुझ्या तोंडून तुझं कारण त्याने ऐकलं पाहिजे, वचनांची यादी त्याच्याकडे तुझ्यापेक्षा मोठी आहे.

योहान १:१ वर तो तुला नक्की आणणार. 'शब्द देव होता' तिथे त्यांच्या इंग्रजी भाषांतरात 'अ' लावलेला आहे, म्हणजे एक देव, कोणीतरी ईश्वरी व्यक्ती. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी देव ह्या शब्दाआधी 'द' सारखं उपपद नाही एवढं खरं आहे, पण त्याच अध्यायात पुढे सहाव्या, बाराव्या, तेराव्या वचनातही उपपद नाही आणि तिथे ते 'अ' लावत नाहीत, सरळ देवच म्हणतात. आणि गंमत बघ, मराठीत 'अ' आणि 'द' हा प्रकारच नाही, त्यामुळे आपल्या बायबलमध्ये हे भांडण दिसतच नाही आणि तुम्ही दोघं भावंडं, मराठीत वाढलेली, इंग्रजीच्या एका अक्षरावरून भांडत बसता. त्याच्यासोबत अख्खं योहान शुभवर्तमान मराठीत वाचायला बस. दर आठवड्याला एक अध्याय, पहिल्यापासून थोमापर्यंत, मध्ये कुठलीही पुस्तिका नको, त्याचीही नको आणि आपलीही नको. व्हॉट्सअॅपवर मात्र एकाही वचनाला उत्तर देऊ नकोस, तिथे माणसं फक्त जिंकायला बसतात.

आता जे सांगते ते पप्पांना वाचून दाखव. पप्पांना वाटतंय की हे खूळ बाहेरून आलं, आपल्या घराण्यात असलं काही नव्हतं. नगर जिल्ह्यात १८३१ मध्ये ज्या अमेरिकन मिशनने काम सुरू केलं, ज्यांच्यामुळे आपल्या पणजोबांच्या कानावर सुवार्ता पडली, ते मिशन नेमकं ह्याच भांडणाच्या धगीतून निघालंय. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातली ती चर्चेस त्या काळात त्रैक्यावरूनच फुटत होती. १८०५ मध्ये हार्वर्डला देवविद्येच्या मुख्य प्राध्यापकपदावर युनिटेरियन विचारांचे हेन्री वेअर आले, जुन्या मताचे लोक हादरले, त्यांनी अँडोव्हरला स्वतःची वेगळी सेमिनरी काढली, आणि त्याच लोकांच्या पुढाकारातून १८१० मध्ये हे मिशन पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. अँडोव्हरला शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला. तिकडे मात्र भाऊ भावाच्या चर्चला जाईना, इमारती कोणाच्या ह्यावर कोर्टकज्जे झाले. आणि नाताळाचं म्हणशील तर त्याच लोकांच्या प्युरिटन पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळायलाच बंदी घातली होती, पाळला तर पाच शिलिंग दंड, कारण काय तर २५ डिसेंबर बायबलमध्ये नाही! दादा आज जे बोलतोय ते शब्द न् शब्द त्यांचं म्हणणं होतं, आणि ते लोक तर पक्के त्रैक्यवादी. मग नाताळ न करणारा माणूस ख्रिस्ताचा शत्रू, असं पप्पा कुठल्या तोंडाने म्हणणार?

आणि पंडिता रमाबाई. आपण प्रत्येक कार्यक्रमात त्यांचं नाव घेतो. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर, आधी नाही, नंतर, त्यांनी त्रैक्याबद्दल उघड शंका काढल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी १८८५ च्या आसपासची त्यांची पत्रं आहेत, त्यात त्या सरळ सांगतात की हे मला पवित्र शास्त्रात दिसत नाही तोवर मी मानणार नाही, आणि आत्ताच एका भटशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेय, दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. सिस्टर जेराल्डिनला फार लागलं ते, रमाबाईंच्या मुलीला, मनोरमेला, धर्माचं काय शिकवायचं ह्यावरूनही दोघींत ताण झाला. पण दोन्हीकडून पत्रं थांबली नाहीत, हे महत्त्वाचं. मिस बील ओरडल्या नाहीत, लांबलचक उत्तरं लिहीत राहिल्या. रमाबाई पुढे स्वतःच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचल्या, त्यांनी नंतर लिहिलंय की आधी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मग केडगावचं मुक्ती मिशन, मग सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर, जे १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडावर त्यांनी पुरं केलं. त्या १८८५ मध्ये कोणी त्यांना पाखंडी म्हणून दार लावलं असतं तर? विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेले तेही युनिटेरियन लोकांच्या मदतीवर, ते प्रार्थना समाजाचे, ख्रिस्ती नव्हते, पण ज्यांनी पुढे अस्पृश्यतेविरुद्ध एवढं काम उभं केलं त्यांना हात देणारे हे त्रैक्य न मानणारे लोक होते. चूक मत असलेली माणसं वाईट असतात असं नाही, हे आपल्याच मातीत दिसतंय.

राष्ट्रगीताबद्दल पप्पांना एवढंच सांग की केरळातल्या तीन साक्षीदार भावंडांना शाळेतून काढलं होतं, ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त म्हणायची नाहीत, आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, बिजो इमॅन्युएल खटला म्हणून प्रसिद्ध आहे. मत पटो न पटो, देशद्रोही हा शब्द पप्पांनी परत घ्यायला हवा. आपणही अल्पसंख्यच आहोत, हा शब्द आपल्यावर फेकला की कसं लागतं ते पप्पांना माहीत आहे.

मी हे एवढं का सांगतेय ते पण लिहिते. माझा एक मावसभाऊ नव्वदच्या दशकात 'फक्त येशू' वाल्यांकडे गेला, नदीवर जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला. काकांनी त्या दिवशीपासून त्याचं नाव घेतलं नाही. मंडळीतून नाव कमी झालं, लग्नकार्याला बोलावणं बंद, आणि आम्ही बाकीच्यांनी काकांच्या भीतीने फोन करायचा सोडला. काका गेले तेव्हा तो कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होता, आत आला नाही, आणि मी त्याला हाताला धरून आत आणलं नाही. मतावरून आमच्यात एकदाही नीट बोलणं झालं नव्हतं, एकदाही नाही, म्हणजे ज्यासाठी तोडलं त्यावर कोणी बोललंच नाही. ते मला अजून रात्री आठवतं.

म्हणून पप्पांना म्हण, त्याला परत ग्रुपमध्ये घ्या. पप्पा नाही म्हणाले तर तू रोज फोन कर, धर्म सोडून बोल, ट्रॅफिकवर बोल, शेतावर बोल.

दादाने साक्षीदारांमध्ये बाप्तिस्मा घेतलाय का हे तू लिहिलं नाहीस. घेतला नसेल तर त्याला फक्त एक प्रश्न विचार आणि उत्तरासाठी घाई करू नकोस. उद्या तुझं मन बदललं आणि तू बाहेर पडलास, तर आज जे तुझे एवढे जवळचे मित्र आहेत ते तुझ्याशी कसे वागतील? हा प्रश्न त्याने त्यांनाच विचारावा, त्यांच्याकडूनच ऐकावं. बाप्तिस्मा घेऊन सोडून जाणाऱ्यांशी ते फार संबंध ठेवत नाहीत, हे बाप्तिस्म्याआधी माहीत असलेलं बरं. आणि मग त्याला पप्पांचंही वागणं दिसू दे वेगळं. आपण आत्ता त्याच्याशी तेच केलं, तर हा प्रश्न विचारायची आपली लायकी राहत नाही.

वहिनीशी वेगळी बोल, तिला तू पहिली मैत्रीण लागणार आहेस. तिने चर्च सोडायची काही गरज नाही, आणि मुलीवर आईचाही तेवढाच हक्क आहे. मुलीला वाढदिवसाला वहिनी माहेरी किंवा तुमच्याकडे घेऊन येऊ शकते, छोटासा केक, गाजावाजा नको, आणि मुलीसमोर 'तुझे पप्पा चुकले' असं कोणी बोलायचं नाही, मम्मी पण नाही. सहा वर्षांचं पोर आहे ते, तिला निवड करायला लावू नका. दादाला सांग की तू नको साजरा करूस, पण तिला अडवू नकोस, आणि मला वाटतं तो ऐकेल, कारण जोर केला नाही की माणूस ऐकतो.

नाताळ तुम्ही नेहमीसारखा करा. तारा लावा, करंज्या करा, कॅरल सिंगिंगला जा. त्याला 'ये नाताळाला' म्हणू नकोस, त्याने त्याची पंचाईत होते, २७ किंवा २८ तारखेला जेवायला बोलव, नुसतं जेवायला. साक्षीदार नाताळ पाळत नाहीत पण बहिणीकडे जेवायला यायला त्यांना बंदी नाही. जेवायच्या आधी प्रार्थना कोणी करायची हा प्रश्न येईल, त्यावर मी सुचवते की प्रभूची प्रार्थना म्हणा, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', तिचे शब्द त्यालाही मान्य असतील, पप्पांनाही, आणि तो बरोबर म्हणेल की नुसता गप्प बसेल ते त्याच्यावर सोडा. वसंतात त्यांचा स्मारकविधी असतो, वर्षातून एकदा, येशूच्या मरणाच्या आठवणीचा, त्याला दादा तुला बोलावेल. तुझ्या मनाला पटलं तर जाऊन मागे बस. भाकरी आणि द्राक्षारस तुझ्यापुढून फिरवतील पण बहुतेक कोणीच घेणार नाही, कारण त्यांच्या शिकवणीप्रमाणे फक्त स्वर्गात जाणाऱ्या १,४४,००० पैकी जे आहेत त्यांनीच घ्यायचं, बाकीच्यांना पृथ्वीवरच्या नंदनवनाची आशा. मला वाटतं ते बघितल्यावर तुला आपल्या प्रभुभोजनाची किंमत जास्त कळेल, जिथे शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही हात पुढे करता येतो.

पाळकसाहेबांना माझं नाव न घेता विचार की ते तुम्हा तरुणांसाठी निकेयाच्या विश्वासांगीकारावर चार रविवार घेतील का. आपण तो दर वेळी उभं राहून म्हणतो, 'देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश', आणि त्यातला प्रत्येक शब्द कोणीतरी हद्दपारी सोसून ठेवलेला आहे हे पोरांना कोणी सांगितलेलंच नाही. २०२५ मध्ये निकेयाला सतराशे वर्षं झाली, आपल्या किती मंडळ्यांमध्ये त्यावर एक तरी उपदेश झाला? नाही म्हणाले तर तू आणि दोन मैत्रिणी घरीच सुरू करा, मी लागेल ती मदत करते.

मम्मीची ऑपरेशनची तारीख पक्की झाली की मला दोन ओळी टाक. त्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी प्रार्थनेला बसेन, आणि दादासाठीही. तो हॉस्पिटलमध्ये आला तर त्याला मम्मीच्या उशाशी बसू दे.

तुझी,
ताई